शहराची खातेवही कोणाची?

पेढीच्या रोजमेळांत एका पैची तूट आली तर आमचा व्यापारी रात्र जागून ती शोधून काढतो. पण ज्या शहराच्या जिवावर ती पेढी चालते, त्याचा हिशेब पाहण्यास त्यास सवड नसते. नगरपालिका म्हणजे मक्तेदारांचें कुरण, आपणांस तिच्याशीं काय कर्तव्य, असें तो म्हणतो. अशा गृहस्थांनीं कराचीचे जमशेद नसरवानजी मेहता यांचें चरित्र अवश्य पाहावें.

जमशेदजींचा जन्म १८८६ सालीं कराचींतील एका पारशी व्यापारी घराण्यांत झाला. घरचा व्यापार सांभाळीत असतांच ॲनी बेझंटबाईंच्या थिऑसफीचा व होमरूल चळवळीचा त्यांच्यावर संस्कार झाला. सिंध प्रांत त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच मोडत असे. १९१८ मध्यें ते नगरपालिकेंत शिरले, १९२२ मध्यें तिचे अध्यक्ष झाले, आणि १९३३ मध्यें नव्या कायद्यानें महापौरपद निर्माण झालें तेव्हां तो पहिला मान त्यांसच मिळाला. रस्ते, दवाखाने व प्रसूतिगृहें यांकडे त्यांनीं लक्ष पुरविलेंच. पण ओझ्याच्या जनावरांस पाणी पिण्यासाठीं हौद असावेत, हेंही त्यांस नगरपालिकेचें कर्तव्य वाटलें. त्यांच्यामागून एक हिंदु व नंतर एक मुसलमान गृहस्थ त्याच आसनावर बसले. १९४७ च्या फाळणीनंतरही त्यांनीं कराची सोडली नाहीं. १९५२ मध्यें ते वारले.

त्यांस संपत्ति होती म्हणून सवड होती, असें कोणी म्हणेल. पण संपत्ति कराचींत इतरांसही थोडी नव्हती! सवड ही तिजोरींतून निघत नाहीं. ती कर्तव्यबुद्धींतून निघते.

आतां आपल्या घरीं पाहूं. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा सारा कारभार सरकारनें नेमलेल्या प्रशासकाच्या हातीं राहिला. कर पूर्वीप्रमाणेंच वसूल झाले. पण खर्चाचा जाब विचारणारा लोकनियुक्त सभासद सभागृहांत एकही नव्हता. आपल्या दुकानावर तीन दिवस परका मुनीम बसविला तर जे आकाशपाताळ एक करतील, त्या आमच्या व्यापारी पेठा या काळांत बव्हंशीं स्वस्थ बसल्या. आमच्या मतें दोष केवळ सरकारचा नाहीं. ज्या खातेवहीस धनी विचारीत नाहीं, ती दुसऱ्याच्याच हातीं जावयाची. स्वराज्याचा पहिला धडा दिल्लींत नव्हे, आपल्या गल्लींतील गटारापाशीं शिकावयाचा असतो. तो जमशेदजींनीं परक्यांच्या राज्यांत गिरविला. आम्हीं स्वतःच्या राज्यांत तो विसरावा काय?