चिखलदऱ्याची दरी

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर आहेत. परतवाड्याहून घाट चढत गेले की चिखलदरा हे गाव लागते. ते सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसले आहे. खाली वऱ्हाडात उन्हाने अंग भाजते, तेव्हा येथे गार वारा वाहतो. येथे कॉफीची झाडेही आहेत. जवळच गाविलगड किल्ला आहे. बहमनी सुलतान अहमदशाहने तो १४२५ साली बांधला. त्याच्या दरवाजावर फारसी शिलालेख आहेत.

पावसाळ्यात दरी धुक्याने भरते आणि कड्यांवरून धबधबे कोसळतात. हे पाणी कोठे जाते? उत्तरेकडचे पाणी सिपना नदी तापीला नेते. दक्षिणेकडचे पाणी चंद्रभागा नदी पूर्णेला देते. पूर्णाही पुढे चांगदेव येथे तापीलाच मिळते. वऱ्हाडातील शेतीला अशा नद्यांचा आधार आहे.

डोंगरावर मात्र पाणी टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात मेळघाटातील अनेक कोरकू गावांत स्त्रियांना दुरून पाणी आणावे लागते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि पाणी जमिनीत मुरते. जंगल तुटले, तर माती वाहून जाईल आणि झरे लवकर आटतील. मुलांनो, चिखलदऱ्याला सहलीला गेलात, तर धबधब्याबरोबर त्याच्यामागचे जंगलही पाहा.