अडतिसाव्या वर्षीही मैदानावर

आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा एक जुना खेळ आहे. हातात लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी आणि चामड्याचा चेंडू. तो हवेतल्या हवेत टोलवायचा, हाताने झेलायचा, काठीवर तोलत पळायचे. आपल्या हॉकीपेक्षा हे प्रकरण बरेच दांडगे. स्त्रियांच्या या खेळाला कॅमोगी म्हणतात आणि १९०४ पासून तो रीतसर खेळला जातो. त्यातल्या कॅथलीन मिल्स यांची कारकीर्द डॉक्टरच्या नजरेने पाहण्याजोगी आहे.

कॅथलीनबाईंचा जन्म १९२३ सालचा, डब्लिन शहरातल्या इंचिकोर या रेल्वे कारखान्याच्या वस्तीतला. आई फार लवकर गेली, आजीने वाढवले. वडील रेल्वेत नोकरीला, त्यामुळे रेल्वेच्या क्रीडा क्लबचे दार मुलीला उघडे होते. टेबल टेनिस, जिम्नॅस्टिक्स सगळे करून पाहिले, पण मन रमले ते कॅमोगीत. १९४२ साली डब्लिनच्या संघातून अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचे पहिले पदक मिळाले. पंधरावे मिळाले १९६१ साली, वय ३८ असताना! त्यानंतरच बाईंनी काठी खाली ठेवली.

पंधरा पदके हे असामान्य काम, ते बाजूला ठेवू. मला नवल वाटते ते मधल्या एकोणीस वर्षांचे. १९४७ साली लग्न झाले, तरी खेळ सुटला नाही. त्या काळच्या आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रीला लग्न होताच राजीनामा द्यावा लागे. हा नियम १९७३ साली उठला. अशा देशात लग्न झालेली बाई भर मैदानात धावते, हे पचवणे लोकांनाही सोपे गेले नसेल.

आता यात वैद्यकीय काय? हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे. ते जिवंत असते, रोज झिजते आणि रोज भरते. धावणे, उडी, झटकन वळणे यांचे धक्के बसले की ते जास्त भरते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते, हा याचा ढळढळीत पुरावा. ही कमाई मुख्यत्वे वयात येण्याच्या सुमारास होते आणि तिशीपर्यंत जवळजवळ पुरी होते. पुढे असलेले टिकवायचे. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे हाडे झपाट्याने विरळ होतात, तेव्हा ही शिल्लक उपयोगी पडते. म्हाताऱ्या बाईचे न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, त्याची सुरुवात पुष्कळदा चाळीस-पन्नास वर्षे आधी झालेली असते. नेमक्या त्या कमाईच्या वयात मुलीला "आता पुरे झाले हुंदडणे" असे सांगितले जाते. माझ्या मते हा सल्ला कॅल्शियमच्या गोळ्यांच्या शंभर बाटल्यांनी भरून निघत नाही.

कपड्यांचेही असेच. कॅमोगीत स्कर्टची सक्ती फार वर्षे होती. अलीकडे स्कर्टसारखी दिसणारी चड्डी आली, पण तीही अडचणीची, विशेषतः पाळीच्या दिवसांत. खेळाडूंनी आवाज उठवला, तेव्हा मे २०२५ मध्ये साध्या अर्ध्या चड्डीला परवानगी मिळाली. कॅथलीनबाई १९९६ सालीच वारल्या.

वाचक भगिनींपैकी ज्यांचा खेळ शाळेतच सुटला, त्यांनी चाळिशीत एकदम मैदानात उतरू नये. आधी रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. भरभर चालण्यापासून सुरुवात करावी, महिन्या-दीड महिन्याने जिने चढावेत. गुडघा सुजत असेल किंवा चालताना छातीत दाटून येत असेल, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. घरातल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला मात्र यातले काही लागत नाही. तिला संध्याकाळी तासभर मोकळे सोडा.