कडेवरचा उमरा

रमजान लागला की आमच्या शहरातल्या चौकांत दोन प्रकारचे फलक वाढतात. काही इफ्तारच्या शुभेच्छांचे आणि काही उमरा टूरचे. ‘१५ दिवस, मक्का-मदिना, घरगुती जेवण, हरमपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेल.’ हे फलक वाचून यंदा तिघा-चौघांनी मला थांबवून विचारलं, लहान मूल घेऊन एकट्याने जाणं जमतं का? मलाच विचारण्याचं कारण असं, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सव्वादोन वर्षांच्या लेकीला घेऊन अशाच एका टूरबरोबर जाऊन आलो. ती नऊ महिन्यांची असताना तिची आई गेली. उमऱ्यासाठी आम्ही दोघांनी मिळून भिशी लावली होती. तिचे पैसे हाती आले तेव्हा जाणारा मी एकटाच उरलो होतो.

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हजच्या तारखा ठरलेल्या असतात, उमरा वर्षभरात कधीही करता येतो. एहराम बांधायचा, काबागृहाभोवती सात फेऱ्या मारायच्या, त्याला तवाफ म्हणतात. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालायच्या, ती सई. शेवटी केस कापले की उमरा पूर्ण. सुट्या माणसाला हे काही तासांचं काम. बाकीचे दिवस नमाज, जादा तवाफ आणि जियारत, म्हणजे बसमधून ऐतिहासिक ठिकाणं पाहणं. टूरचं वेळापत्रक या बाकीच्या दिवसांनीच गच्च भरलेलं असतं, आणि कडेवर मूल असलेल्याची कसोटी तिथे लागते.

आधी कागदपत्रं. मूल कितीही लहान असो, त्याला स्वतःचा पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा मिळतो. अर्जावर आई-वडील दोघांचीही संमती अपेक्षित असते. आमच्या बाबतीत आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. घटस्फोटित किंवा एकल आई-वडिलांसाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं, आणि २०१६च्या डिसेंबरपासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, हे अजून अनेकांना ठाऊक नाही. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, नाममात्र भाड्यात जातं. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावी लागते. त्या सीटचे पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत. मुंबई ते जेद्दा साडेपाच तास मांडीवर चुळबुळणारं मूल काय असतं, हे शेजारच्या रांगेतल्या एका जोडप्याकडे पाहून कळत होतं.

एकट्याने मूल घेऊन निघालेल्या माणसाचा खरा प्रश्न विमानतळावरच समोर येतो, आणि तो अध्यात्माचा नाही. आपण स्वच्छतागृहात जायचं तर मूल कुणाकडे द्यायचं? जोडप्यांना हा प्रश्न कधी पडत नाही. मुंबईला पुरुषांच्या स्वच्छतागृहात डायपर बदलायला जागा सापडली नाही. मी बाकावर चादर पसरून काम उरकलं आणि आमच्या टूरमधल्या बायका दुरून अशा बघत राहिल्या, जणू मी भर रस्त्यात पोळ्या लाटतोय.

टूरवाल्याने खोली ठरवताना सुचवलं होतं, की मुलगी बायकांच्या खोलीत झोपेल, तुम्ही चौघा पुरुषांत राहा, स्वस्त पडेल. त्याचा हेतू चांगला होता. पण रात्री दोनला जाग आल्यावर ‘अब्बा’ म्हणून रडणारं मूल चार परक्या बायकांनी का सांभाळावं? मी वेगळी खोली घेतली. कुणी सल्ला मागितला तर पहिला हाच देतो, आणि दुसरा अंतराचा. फलकावरचं अंतर बहुतेक वेळा हरमच्या बाहेरच्या पटांगणापर्यंतचं असतं. तिथून आत काब्यापर्यंत बरंच चालणं उरतं. हरमची स्वच्छतागृहंसुद्धा बाहेर, पटांगणाच्या बाजूला आहेत. मूल दिवसातून चार वेळा खोलीवर आणावं लागतं, तेव्हा हॉटेलला तारका किती याला काही अर्थ नसतो. जवळचं साधं हॉटेल घ्यावं.

एहराम हा पुरुषासाठी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरींचा पोशाख. एक कमरेला, एक खांद्यावरून. बायका आपल्या नेहमीच्या साध्या कपड्यांत असतात. मला वाटतं, हे नियम सांगणाऱ्या बुजुर्गांनी पुरुषाच्या कडेवर दोन वर्षांचं मूल गृहीत धरलं नसावं. तवाफमध्ये उजवा खांदा उघडा ठेवायचा असतो. आमच्या लेकीने डावाही उघडा करायचा चंग बांधला होता. वरची चादर तिला पदरासारखी ओढायला मिळाली होती. मूल बांधायच्या पट्ट्याच्या पिशवीला कमरपट्ट्याच्या धर्तीवर हरकत नाही, असं आमच्या मौलानांनी सांगितल्यामुळे निभावलं. एहरामात सुगंध वर्ज्य, म्हणून ओले रुमाल आणि पावडर बिनवासाची शोधून घ्यावी लागली. विमान मीकातजवळ, म्हणजे एहरामच्या हद्दीजवळ आल्याची घोषणा झाली तेव्हा सगळे ‘लब्बैक’ म्हणत होते आणि मी रुमालाचं पाकीट हुंगून बघत होतो.

लहान मुलाचाही उमरा होतो. हदीसमध्ये प्रसंग आहे. एका बाईने मूल उचलून पैगंबरसाहेबांना विचारलं, याचा हज होईल का? त्यांनी होकार दिला, आणि तुलाही पुण्य मिळेल, असं सांगितलं. तेव्हा नियत लेकीच्या वतीने मी केली आणि तवाफ दोघांचा झाला. दुसरा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पैगंबरसाहेब आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढत. सजद्यात जाताना तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. मूल रडल्याचा आवाज आला तर आईची घालमेल होईल म्हणून ते नमाज आटोपती घेत, असंही नोंदलेलं आहे. आमच्याकडच्या मशिदींत पोरांना मागच्या ओळीतून हाकलणाऱ्या मंडळींनी हे प्रसंग एकदा मोठ्याने वाचावेत. हरममध्ये मी पुरुषांच्या बाजूला लेकीला पुढ्यात बसवून नमाज पढलो. शेजारी कधी तुर्की, कधी इंडोनेशियाचे आजोबा असत. सलाम फिरवेपर्यंत तिच्या मुठीत खजूर आलेला असायचा.

गर्दीच्या तासांना तवाफला उतरायचं नाही, एवढा नियम पाळला. फजर आणि जोहरच्या मधली वेळ त्यातल्या त्यात बरी. बाबागाडीचा भरवसा धरू नये. काब्याजवळच्या तळमजल्यावर ती नेऊ देत नाहीत, वरच्या मजल्यावर फेरी कितीतरी लांब पडते. लेकीच्या मनगटाला एक पट्टी बांधली होती, तिच्यावर माझा नंबर आणि हॉटेलचं नाव अरबीत लिहून घेतलेलं. जियारतच्या तीन बसफेऱ्यांपैकी दोन सोडल्या. अराफात, मीना, हिराची गुहा असलेला डोंगर, सगळं फोटोत पाहिलं. टूरच्या प्रमुखाला वाईट वाटलं. पैसे भरून माणूस खोलीत मुलाला झोपवत बसतो, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तो बिचारा दिंडीतल्या पताकेसारखा हिरवा झेंडा उंच धरून सगळ्यांना मोजत फिरायचा आणि आम्हा दोघांपाशी येऊन त्याची मोजणी चुकायची.

आमच्या गटात साठीच्या एक खाला होत्या. एकट्याच आलेल्या. पूर्वी स्त्रीबरोबर मेहरम, म्हणजे नवरा, भाऊ, मुलगा असा जवळचा पुरुष असावाच लागे. भारतातून हजसाठी २०१८पासून पंचेचाळिशीपुढच्या बायकांना चौघींच्या गटाने मेहरमशिवाय जाता येऊ लागलं. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सौदीच्या हज-उमरा मंत्र्यांनी मेहरमची अट आता नसल्याचं स्पष्ट केलं. तेव्हा एकट्या आईलाही मूल घेऊन जायचा रस्ता आज मोकळा आहे. खालांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘सर, तुम्ही मागाल तेव्हा मी पोरीला घेईन, न मागता घेणार नाही.’ इतर बायका प्रेमाने लेकीला उचलून न्यायच्या आणि जाताना पुरुषाला हे कसं जमणार, असं म्हणायच्या. मला खालांची रीत आवडली. मदिनेत मशिदे नबवीतल्या रियाजुल जन्नतला जायची वेळ ‘नुसुक’ ॲपवर घ्यावी लागते, आणि पुरुष-बायकांच्या वेळा वेगळ्या असतात. माझ्या वेळेला खाला मोकळ्या होत्या.

आता सईबद्दल. हजरत इब्राहीम यांनी पत्नी हाजरा आणि तान्हा इस्माईल यांना ईश्वरी आज्ञेने या ओसाड दरीत सोडलं. बरोबर थोडे खजूर आणि एक मशक पाणी. ख्रिस्ती वाचकांना ही बाई हागार म्हणून माहीत असेल, त्यांच्याकडे कथा वेगळ्या वळणाने जाते. पाणी संपलं, दूध आटलं, मूल तडफडू लागलं. हाजरा सफावर चढल्या, कुणी दिसलं नाही. मरवावर चढल्या, तिथूनही नाही. सात वेळा. मधल्या सखल भागात उतरल्यावर जमिनीवरचं मूल दिसेनासं होई, म्हणून तेवढा टप्पा त्या धावत पार करत, असं सांगतात. आज तिथे वातानुकूलित मजले आहेत, पायाखाली संगमरवर आहे, मध्ये चाकाच्या खुर्च्यांची वाट आहे, आणि त्या सखल टप्प्यावर हिरवे दिवे लावले आहेत. दिव्यांखाली पुरुष धावतात, बायका चालतात. धावली एक बाई आणि तिच्या आठवणीत धावायचं पुरुषांनी, हे कोडं मी एकदा वर्गात घालणार आहे. सात खेपा मिळून सुमारे तीन किलोमीटर होतात. लेक पहिल्या चार खेपा कडेवर होती. पाचव्या खेपेला हिरवे दिवे आल्यावर म्हणाली, ‘मी पळते.’ तिला खाली सोडलं आणि हात धरून वाकून धावलो. कंबर दोन दिवस धरली होती.

पाणी हाजरांना टेकड्यांवर मिळालं नाही. मुलाच्या पायाशी मिळालं, तीच झमझम. कथेचा पुढचा भाग आपण घाईने सांगतो, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पक्षी घिरट्या घालताना पाहून जुरहुम टोळीची माणसं आली आणि त्यांनी इथे राहू का, असं हाजरांना विचारलं. त्या म्हणाल्या, राहा, पण पाण्यावर तुमचा हक्क नाही. त्यांनी ते मान्य केलं. मक्केची वस्ती अशी सुरू झाली. एका एकट्या आईला सोबत हवी होती आणि अटही तिनेच घातली.

या महिन्यात फलक पाहून मन ओढ घेईल, हे कबूल. रमजानमधल्या उमऱ्याला हजइतकं पुण्य सांगितलं आहे. हरमच्या पटांगणातले इफ्तारचे दस्तरख्वान पाहण्यासारखे असतात. तरीही दोन-तीन वर्षांचं मूल आणि एकटा पालक असेल तर रमजान टाळावा, असं मी स्पष्ट सांगतो. शेवटच्या दहा रात्रींत तर पाय ठेवायला जागा नसते, तरावीह उशिरापर्यंत चालते, मुलाची झोप आणि जेवण दोन्ही मोडतं. दिवाळीच्या सुट्टीतली हवा बरी असते, आणि आम्हा शिक्षकांना दुसरी सुट्टी असते कुठे? उन्हाळ्याची मक्केत घालवण्यासारखी नाही.

टूर संपण्याच्या दोन दिवस आधी मी पत्नीच्या नावाने उमरा केला. मृताच्या वतीने तो करता येतो. मक्केत राहणाऱ्याने त्यासाठी हद्दीबाहेर तनईमला, मशिदे आयेशाला जाऊन एहराम बांधायचा असतो. सात-आठ किलोमीटरचं अंतर, टॅक्सी मिळते. रात्री एक वाजता लेक झोपली, खाला आमच्या खोलीत तसबीह घेऊन बसल्या आणि मी निघालो. त्या वेळी दोन्ही हात मोकळे होते आणि चादर एकदाही घसरली नाही. फजरच्या अजानला परत आलो तेव्हा लेक तशीच झोपलेली होती.

जेद्दा विमानतळावर प्रत्येक प्रवाशाला झमझमचा पाच लिटरचा एक कॅन बरोबर नेता येतो. लेकीचं तिकीट पूर्ण असल्यामुळे तिच्या नावाचाही एक मिळाला. माझा कॅन गल्लीत संपला. शेजारच्या कुलकर्णी काकू आणि वरच्या मजल्यावरचे डिसोझा यांनीही बाटल्या पाठवल्या होत्या. लेकीच्या नावाचा कॅन न उघडता तिच्या नानीकडे पोहोचवला.