पोटाखाली वीतभर पाणी

पहाटे ५.३०. कुंभारगावच्या काठावर रात्रीच्या जाळ्यातली चिलापी क्रेटमध्ये पडते आणि गाडी भिगवणच्या मासळी बाजाराकडे सुटते. आमचा नावाडी मात्र हिवाळाभर पक्षी दाखवतो. डबड्याने नावेतलं पाणी उपसायचं, दवाने ओल्या झालेल्या फळ्या पुसायच्या, की दिवस सुरू.

६.४५. पुण्याची गाडी येते. ‘काका, रोहित जवळून दिसतील ना?’ पाणी उतरलंय तेवढं जवळ, हे त्याचं ठरलेलं उत्तर. उजनीतून आवर्तन सुटलं की गाळ उघडा पडतो, मग रोहित चरायला उतरतात. धरण तुडुंब राहिलं की त्यांचं येणंही लांबतं.

७.३०. इंजिन बंद, आता बांबू. तो गाळात रोवायचा, अंगाचा भार टाकायचा आणि उपसताना पीळ द्यायचा. नाहीतर बांबू गाळात राहतो नि नाव पुढे जाते. सपाट बुडाची नाव वीतभर पाण्यातही सरकते. थव्यातल्या दोन-तीन माना वर झाल्या की तो थांबतो. ‘अजून पुढं घ्या ना!’ ‘उडाले तर दिसभर कुणालाच न्हाईत.’

१०.००. चहा. मंडळींत मुंबईत शिडाच्या बोटी हाकणारा एक तरुण आहे. तो मॅच रेसिंग समजावतो: एकसारख्या दोनच बोटी, सुरुवातीच्या रेषेआधीच एकमेकींना कोंडीत पकडणाऱ्या. घड्याळाशी देणंघेणं नाही, समोरचीच्या पुढे राहिलं की झालं. अशा शर्यतींत चालणारी जे/२४ ही रॉड जॉन्स्टन यांनी १९७७ च्या सुमारास घडवलेली, २४ फुटी. पोटाखालचं जड पातं तिला वाऱ्यात आडवी घसरू देत नाही, कलली तर सावरतं. तिला चार फूट पाणी लागतं.

‘चार फूट? मग रोहित दुर्बिणीतनंच बघा.’

दुपारी २.००. वारा उठतो, फेरी बंद. इथे गिऱ्हाईक कितीही घाई करो, नावाडी ऐकत नाही, आणि बरोबरच करतो. २१ मे २०२४ ला उजनीच्या याच पाण्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. सपाट नावेला सावरणारं पातं नसतं. खाली बसलेली माणसं हाच तिचा भार. फोटोसाठी उभा राहणारा म्हणूनच त्याला सगळ्यात जास्त खटकतो.

४.३०. वारा पडला. दुसरी फेरी, पट्टकादंबांकडे. जॅकेटचे पट्टे तो स्वतः ओढून बघतो.

६.१५. इंजिन खांद्यावर घेऊन घरी, पेट्रोलचा हिशेब, उद्याचा फोन. सहा जण, तीन ट्रायपॉड. ‘मग दोन नावा घ्याव्या लागत्याल, साहेब.’ पलीकडून घासाघीस सुरू होते.