पत्र्याचा आवाज आणि रसिकांचा रुसवा

लग्नात रुसलेल्या व्याह्याची समजूत एक वेळ घालता येते. रुसलेल्या रसिकाची घालणे महाकठीण! व्याह्याला निदान काय हवे ते सांगता येते. रसिकाला हवे असते काहीतरी नवे, आणि तेही अगदी पूर्वीसारखे!

हे ज्ञान मला झाले जून २००३ मध्ये, आमच्या पुण्याच्या घरी. धाकटा भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला होता आणि 'मेटॅलिका' या अमेरिकन बँडचा निस्सीम भक्त होता. त्यांच्या 'सेंट अँगर' या नव्या अल्बमची कॅसेट आली, तेव्हा त्याने दोन जिवलग मित्रांना बोलावले. आईने पोहे केले. टेप सुरू झाला आणि थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अरे, पत्र्याचे डबे कोण बडवतंय?"

कोणी हसले नाही. एक मित्र उदासपणे म्हणाला, "काकू, आम्हीही तेच विचारतोय!"

आईचा कान तयार होता म्हणायचा. स्नेअर नावाच्या ड्रमच्या तळाला बारीक तारा ताणलेल्या असतात. त्यांच्यामुळे आवाजाला भरीव, कडक धार येते. लार्स उलरिकने त्या तारा सैल सोडल्या आणि ड्रम पातेल्यासारखा वाजू लागला. शिवाय ज्या एकल गिटारवादनावर रसिक जीव टाकत, ते पाऊण शतक मिनिटांच्या या अल्बममध्ये कोठेच नव्हते.

आमच्या खोलीत तासाभरात दोन पक्ष पडले. एक मित्र म्हणाला, "बँड संपला." दुसऱ्याला १९९६ चा 'लोड' फार गुळगुळीत वाटला होता; तो म्हणाला, "आता कुठे यांनी पॉलिश खरवडून काढलं!" बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला आणि दोघे वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले. पुढे कित्येक महिने त्यांचे बोलणे नव्हते. जगभरच्या चाहत्यांतही हीच फूट पडली होती. गंमत अशी की, अल्बम अमेरिकेत विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्यातील शीर्षकगीताला २००४ साली ग्रॅमी पुरस्कारही मिळाला!

रसिकांचा हिशेब साधा होता. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' त्यांनी हृदयाशी धरला होता आणि तसेच काही पुन्हा हवे होते. पण तो अल्बम करणारा घरोबा उरला होता कोठे? बेसवादक क्लिफ बर्टन त्याच वर्षी स्वीडनमधील बस-अपघातात, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. त्याच्या जागी आलेला जेसन न्यूस्टेड २००१ मध्ये सोडून गेला. त्याच वर्षी गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाला. परतल्यावर त्याने काम करायचे ते दुपारी बारा ते चार एवढेच!

ही सारी कहाणी २००४ च्या 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात आहे. त्यात कर्क हॅमेट एकल गिटार वगळण्याविरुद्ध तक्रार करताना दिसतो. म्हणजे आमच्या खोलीतले भांडण आधी त्यांच्याच घरात झाले होते!

भावाने तो चित्रपट पाहिला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, आम्ही ड्रमवरून भांडत होतो, तिकडे माणसं एकमेकांना सांभाळत होती."

म्हणून तो आवाज गोड झाला का? मुळीच नाही. कलावंताचे दुःख खरे असले, म्हणजे त्याची कृती चांगली होतेच असे नव्हे. पुढे २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये एकल गिटार परतली; तेव्हा चाहते म्हणू लागले, आवाज फार मोठा करून चिरडून टाकला आहे!

३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका बंगलोरला गायली. ते ऐकायला पुण्याहून तिघे एकाच बसने गेले; भाऊ आणि ते दोन्ही मित्र. परतल्यावर मी विचारले, "भांडण मिटलं वाटतं?"

"छे!" भाऊ म्हणाला. "सातारा येईपर्यंत त्या ड्रमवरूनच चाललं होतं. पण मध्ये चहाला थांबलो, तेव्हा पैसे कोणी द्यायचे यावरून जास्त भांडले."