विजेचा हिशेब (भाग ६) : भागायचं कशानं?

मागच्या आठवड्यात आपण इमारतीची बारा महिन्यांची बिलं मांडून बेरीज केली. जनरेटरची वीजही त्यात धरली. ही बेरीज जास्त की कमी, हे आता ठरवायचं आहे.

सोपी रीत म्हणजे वर्षाच्या युनिटांना चौरस मीटरने भागायचं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई, २००९ पासून ऑफिसांच्या इमारतींना तारे देतं ते याच आकड्यावर. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत, निम्म्याहून जास्त जागा वातानुकूलित असेल, तर १००च्या आत पाच तारे आणि १७५ ते २००ला एक. नागपूर संमिश्र हवामानात मोडतं. तिथे पाच ताऱ्यांसाठी ९०च्या आत यावं लागतं.

भागाकार शाळकरी आहे, गोम छेदात आहे. कार्पेट, बिल्ट-अप की सुपर बिल्ट-अप? फ्लॅट घेताना रक्त आटवणारा हा प्रश्न इथेही सुटत नाही. बीईई बिल्ट-अप धरतं, पण तळघरातलं पार्किंग वगळतं. ते कुणी हळूच मोजलं, तर एक दिवा न विझवता इमारत काटकसरी होते.

दुसरी अडचण वेळेची. समजा, एक ऑफिस वर्षाला ३००० तास चालतं आणि चौरस मीटरमागे १२० युनिटं घेतं. शेजारचं कॉल सेंटर तीन पाळ्यांत ७२०० तास चालतं आणि १८० घेतं. क्षेत्रफळाने भागलं तर कॉल सेंटर उधळं. तासांनीही भागा: ऑफिस ४० वॉट-तास, कॉल सेंटर २५. निकालच फिरला! म्हणूनच कॉल सेंटरसारख्या बीपीओंसाठी बीईईने ताशी निर्देशांक ठेवला. अर्थात रात्री हवा थंड असते, एसीवरचा ताण उतरतो. त्यामुळे रात्रपाळीला थोडी फुकटची सवलतही मिळते.

अमेरिकेच्या एनर्जी स्टारची रीत निराळी. देशभरच्या इमारतींच्या पाहणीवरून, इतके तास, इतकी माणसं, इतके संगणक आणि अशी हवा असताना साधारण किती ऊर्जा लागावी, याचं सूत्र बसवलं आहे. प्रत्यक्ष खप त्या अंदाजाशी ताडून १ ते १०० गुण देतात. ५० म्हणजे मधली इमारत, ७५ पासून पुढे प्रमाणपत्राची पात्रता. मला ही रीत जास्त न्याय्य वाटते, पण दोन गोष्टी खटकतात. संगणक वाढले की अपेक्षित खपही वाढतो, मग ते रात्रभर चालू का, हे विचारणारं कुणी नाही. शिवाय ही तुलना अमेरिकी इमारतींशी. नरिमन पॉइंटच्या ऑफिसला ते गुण लावण्यात अर्थ नाही.

आराखड्यावरून संगणकात इमारत ‘चालवून’ प्रमाण इमारतीशी ताडण्याची पद्धतही आहे. बांधकामाआधी ती हवीच. मात्र खिडकी उघडी ठेवून एसी लावणारा साहेब त्या आराखड्यात नसतो.

आपल्याकडच्या भाड्याच्या इमारतींना सर्वांत उपयोगी पडेल ती ऑस्ट्रेलियाची ‘नेबर्स’ ही मानांकन पद्धत. लिफ्ट, सामायिक दिवे, मध्यवर्ती एसी यांचं मानांकन मालकाच्या नावावर. ऑफिसातले दिवे आणि यंत्रं भाडेकरूच्या. त्यासाठी मीटर वेगळे हवेत. जुन्या इमारतीत ते कसे बसवायचे, हे पुढच्या भागात.