उन्हातली दौड आणि शरीराचे संरक्षण

पहाटेच्या वेळी कोणत्याही गावाबाहेर फेरफटका मारला, तर सडकेच्या कडेने धावणारी तरुण मुले हटकून दिसतात. कोणाला सैन्यात जावयाचे असते, कोणाला पोलिसांत. कोणी एखाद्या मोठ्या शर्यतीची तयारी करीत असतो. नियमित व्यायामाने आरोग्य सुधारते, याविषयी दुमत नाही. परंतु रणरणत्या उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत दीर्घकाळ केलेल्या श्रमांचा आपल्या रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो, हे धावणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही जाणून घेणे अगत्याचे आहे.

श्रम सुरू होताच रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वाढते. श्रम थांबल्यावर एक-दोन तासांत मात्र त्यांतील काही जातींच्या पेशी नेहमीपेक्षाही कमी दिसू लागतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे ५६ किलोमीटर धावलेल्या १५० जणांची पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. धावपटूंची तुलना त्यांच्याच घरातील न धावलेल्या मंडळींशी करण्यात आली होती. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत सुमारे ३३ टक्के धावपटूंना सर्दी व घशाचा त्रास झाला; घरच्या मंडळींत हे प्रमाण १५ टक्के होते. अतिश्रमानंतर काही काळ शरीराचे दार रोगजंतूंना उघडे राहते, अशी कल्पना पुढे रूढ झाली.

२०१८ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल व टर्नर या संशोधकांनी या कल्पनेस हरकत घेतली. रक्तातून दिसेनाशा झालेल्या पेशी नष्ट होत नाहीत, तर फुफ्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्यास जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. शर्यतीची गर्दी, प्रवास, अपुरी झोप आणि मनावरील ताण यांमुळेही सर्दी होऊ शकते. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही.

खरा धोका उन्हात आहे. धावताना स्नायूंना रक्त हवे असते, आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलाही हवे असते. ही दुहेरी मागणी पुरविताना आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो. शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की आतड्यांचे अस्तर कमकुवत होते आणि तेथील जंतूंची विषद्रव्ये रक्तात झिरपू लागतात. ती ओळखून प्रतिकारशक्ती खवळून उठते. रक्षणासाठी उठलेली ही शक्ती मर्यादेबाहेर गेली, तर यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदू यांनाच इजा पोहोचते. उष्माघात म्हणजे केवळ अंग तापणे नव्हे, तो याचसाठी.

थंडीची गोष्ट निराळी. धावणाऱ्याचे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. म्हणून पुरेसे कपडे असतील तर थंडीमुळे प्रतिकारशक्तीवर विशेष वाईट परिणाम झाल्याचे प्रयोगांत सहसा दिसत नाही. मात्र थंड, कोरड्या हवेने श्वासमार्ग सुकतो व घसा दुखतो. दमून, ओल्या कपड्यांनी थांबून राहणे आणि शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊ देणे हे मात्र घातक ठरते.

२०२४ साली झारखंडमध्ये अबकारी शिपायांच्या भरतीसाठी १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीत दहाहून अधिक उमेदवारांचे प्राण गेले. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते, असे म्हणता येणार नाही. पण त्यानंतर चाचण्या काही दिवस थांबविण्यात आल्या आणि सकाळी नऊनंतर दौड घेऊ नये असे ठरले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मग करावे काय? उन्हाची सवय शरीराला होऊ शकते, पण तिला १० ते १४ दिवस लागतात. रोज थोडे थोडे श्रम वाढवावेत. ही सवय मोडली, तर काही आठवड्यांत तिचा लाभ ओसरतो. झोप पुरेशी घ्यावी, जेवण चुकवू नये. धावणारा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर सतत थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंगात ताप असताना धावू नये. तापात शरीर आधीच जंतूंशी झुंजत असते व तापलेलेही असते. त्यात उन्हाची व श्रमांची भर पडली, तर हृदयावरही संकट ओढवू शकते. भरतीची तारीख हुकेल या भीतीने मुले ताप लपवितात. तेव्हा दौडीच्या आदल्या रात्री आईने मुलाच्या कपाळावर हात ठेवून पाहावे, आणि हात तापला तर त्याला घरीच ठेवावे. भरती पुन्हा निघेल; मुलगा पुन्हा मिळणार नाही.